टेबलावरचे दोन कॅमेरे

दुकानदाराने दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी घरी नेऊ दिले, ते केवळ धाकट्याच्या शब्दाखातर. धाकट्याचं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच होतं. अट एकच होती. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत नको असलेला कॅमेरा परत यायला हवा, नाहीतर दोन्ही विकत घेतले असं धरलं जाईल. दोन्ही घ्यायची या घराची ऐपत नव्हती, आणि एकावर एकमत व्हायचा या घराला सराव नव्हता.

सकाळी नऊपासून आई त्या कॅमेऱ्यांभोवतीचं टेबल पुसत होती. टेबल केव्हाच स्वच्छ झालं होतं. तिचे कान न्हाणीघराकडे लागले होते, तिथे अप्पा गुळण्या करत होते. चाळीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारलेला हा माणूस. त्यांनी पेटीवर उभं राहून बोली सुरू केली की बाजाराच्या पार टोकाला झोपलेला हमालही उठून बसायचा. गेला महिनाभर मात्र तोच आवाज कुणी खरवडून काढावा तसा येत होता. मुलांना सांगितलं होतं, घसा बसलाय. मुलांनीही ते मानलं, कारण बापाचा घसा बसणं त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं: अप्पांना, आईला आणि मधल्या मुलीला. मधली रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे अप्पांबरोबर तीच गेली होती. घशातली गाठ साधी नव्हती. पाच तारखेला सगळं घर आठ दिवस समुद्रावर जाणार होतं आणि एकोणीस तारखेला अप्पांचं ऑपरेशन होतं. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आवाज मात्र राहणार नव्हता, कारण आवाजाची पेटीच काढावी लागणार होती.

"सहल होऊ दे," अप्पांनी दोघींना बजावलं होतं. "आठ दिवस मला रडकी तोंडं नकोत. मग सांगा कुणाला काय सांगायचं ते."

म्हणून मधलीने कॅमेऱ्याचं टुमणं लावलं होतं. सहलीचा व्हिडिओ घ्यायला छोटा, परवडणारा, कुणालाही हातात धरता येईल असा कॅमेरा हवा, तिघा भावंडांनी मिळून घेऊ, असं ती पंधरा दिवस ज्याला त्याला सांगत फिरत होती. का हवा, ते सांगायची सोय नव्हती. आणि कारण न सांगता या घरात साधी खिडकी उघडून दाखवावी कुणी.

थोरला आला तो कपाळाला आठ्या घालूनच. तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता, आणि घरात व्हिडिओविषयी कुणी काही ठरवणार असेल तर ते आपण, यात त्याला शंका नव्हती. त्याच्यामागून थोरली सून आली. ती शाळेत शिकवायची, आणि वर्गात चालणारी आपली सत्ता घरी का चालत नाही याचं तिला अजून नवल वाटायचं.

"तो नवा डिजिटलवाला?" थोरल्याने विचारलं.

"त्याची किंमत ऐकून मी खुर्चीवर बसलो," धाकटा म्हणाला. "खुर्चीही त्याचीच होती, म्हणून लगेच उठलो. आपल्याला झेपणारे हे दोनच." त्याने लांबट कॅमेरा पुढे सरकवला. "याची कॅसेट म्हणजे आपल्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटचं पिल्लू. या अडॅप्टरच्या पोटात बसवायची की घरच्या व्हीसीआरवर चालते. पण अर्ध्या तासाला संपते. आणि हा दुसरा, आठ मिलिमीटरचा. कॅसेट गाण्याच्या कॅसेटएवढी, चालते दीड तास. वजनाला हलका. पण व्हीसीआरमध्ये जात नाही. बघायचं तर कॅमेराच वायरींनी टीव्हीला जोडायचा."

"आणि कॅमेरा बिघडला की?"

"की त्या कॅसेटींचं लोणचं घालायचं."

"झालं तर मग," थोरला म्हणाला. "व्हीसीआरवर चालतो तो घ्या."

"थांबा जरा," सुनेने आठ मिलिमीटरवाला उचलून एका हातात तोलला. "हा मलाही धरता येतो. दहा वर्षांत एकाही सहलीत मी कॅमेरा धरलेला नाही आणि हे एकाही सहलीत दिसलेले नाहीत. गेल्या वेळी आम्ही सगळे पाण्यात, आणि हे काठावर बॅगेला छत्री धरून उभे. कॅमेरा भिजू नये म्हणून."

"मीही हाच म्हणते," मधली घाईने म्हणाली. थोरल्याला ती घाई खटकली. नणंद-भावजय कधी एका बाजूला नसत. आज दोघी एक झाल्या म्हणजे हे आधीच शिजलेलं आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

"गाणं कसं लावणार याच्यात?" त्याने धाकट्याला विचारलं.

"नाही लागत. यात आवाज चित्राबरोबरच उमटतो. नुसता आवाज पुसून त्या जागी दुसरा भरता येत नाही. पुसायचं तर चित्रही जातं. तुझ्या लांबट्यात आवाजाची पट्टी वेगळी असते. व्हीसीआरचं बटण दाबलं की जुना आवाज गेला, गाणं आलं."

"मग हा आठवाला काय कामाचा?"

"तेवढ्यासाठीच तर कामाचा आहे," मधली बोलून गेली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने टेबलावरच्या फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "म्हणजे… मला त्या गाण्यांचा कंटाळा आलाय, दादा."

हे थोरल्याच्या वर्मी लागलं. दहा वर्षांच्या अकरा सहली त्याने जुळवल्या होत्या. कुठे बासरी, कुठे सतार, लाटांवर कुठलं वाद्य शोभतं याचा त्याने रात्र-रात्र विचार केला होता. "तुला माहितीये का, खरा आवाज कसा असतो ते?" तो म्हणाला. "सगळा वारा आणि खोकला असतो. त्यात कुणाचं पोर रडतं, कुणी पिशवी कुठे ठेवली म्हणून ओरडतं. लग्नाच्या कॅसेटीत मी खरा आवाज ठेवला तर दोन्ही पार्ट्या माझ्या दारात काठ्या घेऊन येतील. तू रक्त तपासतेस ना? मी सांगतो का तुला, सुई कुठे खुपसायची?"

"दादा, मी भांडत नाहीये."

"मग लिलाव होऊन जाऊ दे."

या घरात वाद चिघळला की लिलाव व्हायचा. बोली पैशांची नसे, कामाची असे. वरची खोली धाकट्याला मिळाली ती वर्षभर सगळ्यांच्या चपला-बूट पॉलिश करण्याच्या बोलीवर, आणि सहलीला समुद्र की डोंगर हे यंदा सुनेने महिनाभराच्या भांड्यांवर जिंकलं होतं. पुकारायचे अप्पा. त्यांनी "तीन वार" म्हटलं की देवाने सांगितलं तरी निकाल फिरत नसे.

अप्पा गळ्याभोवती पंचा गुंडाळून दारात उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आज नको," ते म्हणाले. "चिठ्ठ्या टाका."

चिठ्ठ्या या घरात आजवर कधी पडल्या नव्हत्या. धाकटा हसला, त्याला वाटलं अप्पा गंमत करताहेत. मधली उठली आणि आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

आत आई ओट्याशी उभी होती. मधलीने दार लोटलं.

"आई, तू तरी माझ्या बाजूने बोल. दादा तुझं ऐकतो."

"मला तो लांबटाच हवा आहे," आई म्हणाली.

मधलीला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "अगं, त्यात आवाज पुसला जातो. तुला माहितीये ना आपण हे कशासाठी—"

"माहितीये. सगळं माहितीये." आईने नळ सोडला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती गेले पंधरा दिवस नळ सोडूनच बोलत होती. "त्या वायरी मला जमायच्या नाहीत. तुम्ही सगळे आपापल्या कामाला गेलात, की घरात मी आणि हे. हे बोलणार नाहीत. मला वाटलं की ऐकावं, तर मला एकटीला लावता आलं पाहिजे. व्हीसीआर मला येतो. कॅसेट ढकलायची, बटण दाबायचं. त्यासाठी मी कुणाची वाट बघत बसू?"

"धाकटा मोठ्या कॅसेटीवर कॉपी करून देईल."

"त्याच्याकडे माझी इस्त्री दोन वर्षं दुरुस्तीला पडली आहे."

दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि त्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आईने नळाखाली हात धरले आणि तसेच धरून ठेवले.

बाहेर तेवढ्यात हशा पिकला. थोरल्याने लांबट कॅमेरा चालू करून अप्पांसमोर धरला होता आणि अप्पा पहिल्या दिवसाच्या लिलावाची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच पेटीवर उभा राहतो, संत्र्यांच्या ढिगाबरोबर मालकाची छत्रीही चढ्या भावात विकून टाकतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर मालक त्याच छत्रीसाठी गिऱ्हाइकाच्या मागे धावतो. अप्पा मालकाचाही आवाज काढत, गिऱ्हाइकाचाही, आणि पेटीवरच्या घाबरलेल्या पोराचाही. आज आवाज फाटत होता, तरी तिन्ही आवाज वेगळे कळत होते. आत दोघी हलल्या नाहीत. गोष्ट संपेपर्यंत आईने नळ बंद करून ठेवला होता.

जेवणं झाली. तीन वाजून गेले तेव्हा थोरल्याने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. तो आता बराच खुशीत होता.

"वाद नकोच," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघा आणि ठरवा."

त्याने पिल्लू-कॅसेट अडॅप्टरमध्ये बसवली, व्हीसीआरमध्ये ढकलली. पडद्यावर अप्पा आले. दारातला उजेड पाठीवर, गळ्यात पंचा, हात हवेत. त्यांचे ओठ हलले, आणि बासरी वाजू लागली.

अप्पा मालक झाले, बासरी वाजत राहिली. अप्पा गिऱ्हाईक झाले, छत्री उघडल्याचा हात केला, खांदे उडवून हसले. बासरी मोठी गोड होती.

"जेवणाआधी पाच मिनिटांत बसवली," थोरला म्हणाला. "कुठे जोड दिसतो का सांगा."

"खालचा आवाज कुठे आहे?" मधलीने विचारलं.

"कुठला?"

"अप्पांचा."

"तो गेला. त्याच्यावरच तर—"

"गेला म्हणजे? कायमचा?" तिचा आवाज चढला. "दादा, तू विचारायचंस तरी एकदा. तू कुणाला काही विचारतोस का कधी?"

"अगं, एवढं काय त्यात?" थोरला खरोखरच गोंधळला. "ती गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. हवी तर परत बोलून घेऊ. अप्पा काय कुठे पळून चाललेत?"

सुनेने आधी नणंदेकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि तिच्या हातातली ताटली तिने हळूच खाली ठेवली. रोज चाळीस मुलांचे चेहरे वाचणारी बाई ती, तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"बंद कर ते," आई म्हणाली. तिचं लक्ष पडद्यावरच होतं. "आधी ते बंद कर."

धाकट्याने व्हीसीआर बंद केला.

"बसा सगळे," अप्पा म्हणाले. सगळे बसलेलेच होते. "एकोणीस तारखेला माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, ती वाईट आहे. काढली की मी राहीन, असं डॉक्टर म्हणतो. आवाज राहायचा नाही." त्यांनी पंचा सैल केला. मधलीकडे मान केली. "हिला बोलू नका, हिला मी गप्प बसवलं होतं. सहलीआधी घरात सुतक नको म्हणून. तेवढं एक माझं चुकलं असेल."

"अप्पा, दुसरा डॉक्टर बघू," धाकटा म्हणाला.

"दोन बघून झाले."

धाकटा उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. थोरला जागचा हलला नाही. त्याच्या मनात अकरा कॅसेटी एकामागून एक चालू झाल्या होत्या. पहिल्या सहलीत अप्पा नावाड्याशी भांडताना, त्याच्यावर सतार. तिसरीत अप्पा किनाऱ्यावरच्या एका पोराला पोहायला शिकवताना काहीतरी ओरडतात, त्याच्यावर व्हायोलिन. सातवीत अप्पा आईकडे वळून काहीतरी म्हणतात आणि आई लाजून तोंड फिरवते. काय म्हणाले होते, ते थोरल्याला आठवेना. जुळवताना त्याने ते दहा वेळा ऐकलं असेल, आणि दहाव्यांदा पुसलं होतं. बापाचा दहा वर्षांचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने, मोठ्या हौसेने पुसला होता. कालपर्यंत त्याला त्याचा अभिमान होता.

"एकाही कॅसेटीत नाही," तो म्हणाला. "एक शब्दही नाही ठेवला मी."

त्याला वाटलं, मधली आता बोलेल. बोलायचा तिला हक्क होता. ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मला तरी कुठे आधी सुचलं, दादा."

घड्याळात साडेचार झाले होते.

"सहाला दुकान बंद होईल," अप्पा म्हणाले. "दोन्ही कॅमेरे गळ्यात पडतील. चला, लिलाव करून टाकू."

"नको, अप्पा," मधली म्हणाली. "घशाला ताण देऊ नका."

"कुणासाठी जपून ठेवू आता?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. आईने नेहमीप्रमाणे एका हाताने स्टूल धरलं. सुनेने कुणाला न विचारता आठ मिलिमीटरचा कॅमेरा उचलला. धाकट्याने तिला लाल बटण दाखवलं, आणि बटणाशेजारी बारीक दिवा लागला.

"बोला," अप्पा म्हणाले. पहिला शब्द अर्धाच आला. ते खाकरले. "बोला, बोला, बोला. माल समोर आहे. डावीकडे लांबटा, व्हीसीआरवर चालतो, गाणी गातो. उजवीकडे आठवाला, वायरी मागतो, जे ऐकतो ते सोडत नाही. कुणाची बोली?"

"आठवाला," मधली म्हणाली. "सहलीचे आठही दिवस स्वयंपाक माझा."

"आठ दिवसांचा स्वयंपाक आला. लांबट्यावर कोण?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने मान हलवली.

"लांबट्यावर कुणीच नाही? अरे, सकाळी तर बाजार गरम होता."

"माझी आहे बोली," आई म्हणाली. मधलीने डोळे मिटले. आईचा हात स्टुलावरच होता. ती आजवरच्या कुठल्याच लिलावात बोलली नव्हती, स्टूल धरणं हेच तिचं काम होतं. "आठवाल्यावर. वायरी जोडायला मी शिकेन."

"ही बोली कामाची आहे का?" अप्पांनी विचारलं. "नियमात बसते का?"

"मला विचारा किती कामाची आहे ती."

धाकटा हसायला गेला आणि ते त्याला नीट जमलं नाही. "इस्त्री," तो म्हणाला. "मी उद्या आईची इस्त्री दुरुस्त करून आणतो. आठवाल्यावर."

"आता बाजार चढला. दोन वर्षांची इस्त्री आली. आणखी कोण?"

थोरला उठला. त्याने बायकोच्या हातातून कॅमेरा घेतला नाही. सवयीने हात पुढे गेला होता, तो त्याने मागे घेतला. "ही धरेल कॅमेरा," तो म्हणाला. "सगळे आठ दिवस. मी पाण्यात उतरेन. आणि सहलीच्या कॅसेटीला पुन्हा कधी हात लावणार नाही, वारा असो, खोकला असो."

"याच्या वर बोली नाही," अप्पा म्हणाले. ते ताठ उभे राहिले, आणि चाळीस वर्षांत बाजारात ज्या सुरात म्हटलं त्याच सुरात म्हणायला गेले. "आठवाला एक वार." आवाज फाटला. "दोन वार."

मग बराच वेळ काही आलं नाही. त्यांचा घसा नुसताच हलत होता. आईने पाण्याचा पेला वर केला, त्यांनी तो हाताने बाजूला सारला. सुनेने कॅमेरा खाली घेतला नाही, आणि थोरल्याने तिला बंद कर म्हटलं नाही.

"तीन वार," अप्पा म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले.

सव्वापाचला परत न्यायचा लांबटा डब्यात भरला गेला. थोरल्याने त्यात वायरी मोजून ठेवल्या, धाकट्याने पावती शोधली. आपल्याला काही बोलावं लागू नये म्हणून जो तो काही ना काही शोधत होता. अप्पाही म्हणाले, मीही येतो पायी, दुकानदाराला सांगायला हवं, लबाडा, तुझी अट चांगली होती. सगळे चपला घालून जिन्यात गेले.

आई म्हणाली, मी दार ओढून येते.

टीव्हीसमोर ती खाली बसली. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, असं धाकट्याने कॅमेरा जोडून एकदा दाखवलं होतं आणि मग मुद्दाम वायरी काढून ठेवल्या होत्या. पिवळी बसली. पांढरी आधी भलत्याच भोकात गेली, ती तिने काढली, चष्मा पुसला आणि परत घातली. कॅमेऱ्यावरचं कॅसेट मागे नेणारं बटण दाबलं, मग चालू करायचं. पडद्यावर निळं आलं आणि मग स्टूल, स्टुलावर अप्पा, आणि खाली तिचा स्वतःचा हात.

"बोला, बोला, बोला," अप्पा म्हणाले. "माल समोर आहे."

"अगं," जिन्यातून खरे अप्पा म्हणाले. "चल ना. दुकान बंद होईल."

तिने ते ऐकलं. उठून फक्त ओ द्यायची होती. चाळीस वर्षांत त्यांच्या पहिल्या हाकेला तिने ओ दिली नाही असं फारसं झालं नव्हतं. ती वायर हातात धरून गप्प बसून राहिली, त्यांनी आणखी एकदा हाक मारावी म्हणून.